कुठल्या कपाटात ठेवू?

आमच्या वाचनालयात लैंगिकतेवरची पुस्तकं कुठे ठेवलीयत असं आजवर कुणी मला विचारलेलं नाही. विचारणार तरी कसं? काउंटरवर मी बसते, आणि मी इथे अर्ध्या गावाची वहिनी नि उरलेल्या अर्ध्याची मावशी. दापोली तालुक्यातलं गाव. सकाळी पेपर वाचायला येणारे पेन्शनर, दुपारी स्पर्धा परीक्षेवाली पोरं, संध्याकाळी मालिका सुरू व्हायच्या आत पुस्तक बदलून जाणाऱ्या बायका, आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली, वायफाय आहे का विचारणारी नातवंडं. यातलं कोण येऊन म्हणेल की मावशी, समलिंगी माणसांवर काही आहे का वाचायला?

पण ती पुस्तकं वाचली जातात. कसं कळतं ते सांगते. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानाला डेट स्लिप चिकटवलेली असते, पुस्तक बाहेर गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का. या पुस्तकांच्या स्लिपा कोऱ्या करकरीत, एक शिक्का नाही, आणि पुस्तकाचे कोपरे मात्र मऊ पडलेले, शिवण सैल झालेली, मधली ठरावीक पानं बोटं लागून मळलेली. म्हणजे लोक कपाटाच्या आडोशाला उभ्याउभ्या वाचतात आणि ठेवून जातात, आणि ठेवताना बऱ्याचदा मुद्दाम भलत्या जागी ठेवतात म्हणजे पुढच्या वेळी बरोबर त्यांनाच सापडावं. मधुमेहाच्या पथ्यपाण्याच्या पुस्तकामागे आडवं सरकवलेलं एक पुस्तक मी बघितलं, तसंच राहू दिलं. कुणाची तरी खूण होती ती.

तर गेल्या पावसाळ्यात कार्यकारिणीनं ठरवलं की सगळा संग्रह कॉम्प्युटरवर घ्यायचा. पावसाळाच का, तर तेव्हा वर्गणीदार कमी येतात म्हणून. तेव्हाच लाइट सगळ्यात जास्त जाते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये वर्गांकाचा, म्हणजे पुस्तकाच्या विषयाला दिलेल्या नंबराचा, एक रकाना आहे, तो भरल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडतच नाही. कादंबऱ्यांना काही विचार करावा लागत नाही, ८९१.४६३ टाका आणि पुढे चला. इतिहास, पाककृती, शेती, सगळं भराभर झालं, आणि शेवटी टेबलावर एक गठ्ठा उरला. लग्नाआधी काय जाणून घ्यावं छापाची जुनी पुस्तकं, डॉक्टरांनी वाचकांना दिलेली उत्तरं, एड्सच्या जागृतीच्या काळात फुकट वाटलेल्या पुस्तिका, तृतीयपंथी माणसांची मराठीत आलेली आत्मकथनं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या निकालांवर दिवाळी अंकांत आलेलं लेखन कुणीतरी कापून बाइंड केलेलं, आणि र. धों. कर्व्यांच्या निवडक लेखांचा एक जाडजूड खंड.

जुन्या दाखल रजिस्टरात या सगळ्यांपुढे, आधीच्या ग्रंथपाल काकांच्या अक्षरात, शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं एकच शब्द: 'कपाट'. कपाट म्हणजे काउंटरमागचं कुलपाचं लोखंडी कपाट, ज्याची किल्ली काकांच्या ड्रॉवरमध्ये सुपारीच्या डबीबरोबर असायची. काकांना हसू नका हं. त्या काळी अनुदान ते केवढं, त्यात असली पुस्तकं मागवायची म्हणजे सभेत बोलणी खायची. त्यांनी मागवली, दाखल केली, पाठीवर नंबर चिकटवले, आणि मग कुलूप लावलं. निम्मं काम केलं म्हणा. कपाट उघडं ठेवून पुस्तकं आरोग्याच्या रांगेत आणणं एवढंच माझ्या वाट्याला आलं, आणि ते तेव्हा मला फार मोठं वाटलं होतं.

आता नंबर. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथपालाच्या कोर्सला, आम्हाला ड्युईची दशांश पद्धत घोटून घेतलेली. १८७६ मध्ये मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन माणसानं सगळं ज्ञान दहा भागांत कापलं, त्या प्रत्येकाचे दहा, त्याचे परत दहा, आणि पुढे पॉइंट देऊन वाटेल तेवढं. पद्धत सोयीची आहे, मी रोज तिच्यावर जगते. पण जग अमेरिकेतून जसं दिसलं तसंच तिच्यात बसलंय. धर्माच्या २०० मध्ये २२० पासून २८० पर्यंत ख्रिस्ती धर्म पाय पसरून आणि बाकी जगाचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीनं, आपण त्यात २९४.५. इंग्रजी साहित्याला अख्खं ८२०, आणि ज्ञानेश्वरांपासून कालच्या कवितासंग्रहापर्यंत सगळी मराठी ८९१.४६. पॉइंटच्या पलीकडे सरकवलं जाणं म्हणजे काय हे मराठी ग्रंथपालाला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

समलिंगी संबंधांना या पद्धतीत पहिल्यांदा जागा मिळाली ती १९३२ मध्ये, १३२ ला, म्हणजे मनोविकृतींमध्ये, आणि १५९.९ ला, म्हणजे अपसामान्य मानसशास्त्रात. १९५२ मध्ये ३०१.४२४ हाही नंबर आला, समाजातल्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास. १९८९ मध्ये ३६३.४९, सामाजिक समस्या, म्हणजे दारू-जुगाराच्या शेजारात. १९९६ मध्ये ३०६.७, लैंगिक संबंध, आणि आता पसंतीची जागा ती. वैद्यकातला ६१६.८५८३ अजून आहे, पण सूचना अशी की पुस्तक जर याला आजार मानत असेल, किंवा आजार मानणाऱ्यांशी भांडत असेल, तरच तिथे टाका. म्हणजे बघा, विषय तोच, माणसं तीच, आणि साठ-सत्तर वर्षांत वेड्यांच्या कपाटातून समस्यांच्या कपाटात, तिथून समाजशास्त्राच्या कपाटात. मधे त्या माणसांनी काहीच बदललेलं नाही.

(ड्युईसाहेबांचं स्वतःचं सांगायचं तर हा गृहस्थ बायकांशी लगट करण्याबद्दल इतका बदनाम होता की १९०६ मध्ये त्यानंच उभ्या केलेल्या ग्रंथपालांच्या संघटनेतून त्याला बाजूला व्हावं लागलं, आणि २०१९ मध्ये त्याच संघटनेनं आपल्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं. दुसऱ्यांच्या वर्तनाला नंबर देणाऱ्या पद्धतीचा जनक. असो.)

हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या गठ्ठ्यापुढे बसले तेव्हा मात्र दुसरंच डोक्यात आलं, की नंबर आपण देतो पुस्तकाला, पण त्या कपाटापुढे जाऊन उभं राहावं लागतं माणसाला. ६१६ समोर उभा असलेला पोरगा बघणाऱ्याला आजारी वाटतो. ३६४ च्या गुन्हेगारीच्या कपाटासमोर तोच पोरगा आरोपी. ३०६ समोर विद्यार्थी, फार तर आगाऊ. आणि चरित्रांच्या कपाटासमोर तो कुणीच नसतो, पुस्तक शोधणारा एक वर्गणीदार असतो बस. आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये पेपरच्या टेबलावरून सगळी कपाटं दिसतात, त्यामुळे हा काही पुस्तकी मुद्दा नाहीये.

आणि हे खण पाडण्याचं काम ग्रंथपालांनी सुरू केलेलं नाही, आम्ही फक्त पाट्या लावल्या. एकोणिसाव्या शतकात युरोपात कार्ल उल्रिक्स नावाचा वकील, स्वतःच्या सारख्या माणसांना काहीतरी मानाचं नाव असावं म्हणून धडपडला. कर्टबेनी नावाच्या लेखकानं १८६९ मध्ये प्रशियाच्या कायद्याविरुद्ध पत्रकं काढली, आज जगभर चालणारी 'होमोसेक्शुअल' ही संज्ञा त्यातली. माणसांना तुरुंगातून वाचवायला केलेली ती खटपट. आणि १८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञानं रोगांची मोठी यादी असलेला ग्रंथ काढला त्यात हीच माणसं रुग्ण म्हणून दाखल. सुटकेसाठी बनवलेला खण डॉक्टरांनी जसाच्या तसा उचलून दवाखान्यात नेला. आपल्याकडे इंग्रजांनी त्याआधीच १८६० च्या दंडसंहितेत ३७७ घातलेलं होतं, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद केली, उत्तरेकडच्या प्रांतांत ती राबवलीही. नोंदवही! आमच्या धंद्यातली वस्तू.

मग १९५२ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांची अधिकृत यादी छापली, तिच्यात समलैंगिकता होती. ती काढून टाकायला १९७३ चा डिसेंबर उजाडला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचा डॉक्टर विद्रूप मुखवटा घालून, आवाज बदलून, खोट्या नावानं बोलला होता की मी तुमच्यातलाच आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि समलिंगी आहे. निर्णयाला विरोध झाला म्हणून १९७४ मध्ये सभासदांचं मतदान घेतलं, त्यात अठ्ठावन टक्के निर्णयाच्या बाजूनं पडले. यावर लोक अजून टोमणा मारतात की रोग आहे का नाही हे काय मतदानानं ठरतं का. मला त्यात टोमण्यासारखं काही दिसत नाही. यादीत घातलं तेव्हाही कमिटीनंच घातलं होतं, फक्त तेव्हा मोजणी झाली नव्हती. कुठलाही नंबर कुठल्यातरी खोलीत पाच-पन्नास माणसं बसून ठरवतात, चहा पितात आणि ठरवतात; तो आभाळातून पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या यादीतून हे काढलं ते १७ मे १९९० ला.

या सगळ्यांत माझा आवडता माणूस म्हणजे आल्फ्रेड किन्सी. त्याचा मूळ धंदा काय, तर ओकच्या झाडांवर गाठी करणाऱ्या बारीक बारीक गांधीलमाश्या गोळा करणं. लाखो माश्या! एकेक माशी टाचणीला टोचून भिंगाखाली मोजायची आणि जात ठरवायची. इतक्या मोजल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकसारख्या दोन माश्या काही सापडत नाहीत, दोन जातींच्या मधल्या पायऱ्यांवरही माश्या असतातच. हाच माणूस नंतर इंडियाना विद्यापीठात लग्नाविषयी शिकवायला लागला आणि तीच सवय घेऊन माणसांकडे वळला, हजारोंच्या मुलाखती घेतल्या, आणि १९४८ च्या पुरुषांवरच्या ग्रंथात शून्य ते सहा अशी पट्टी मांडली. शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी, सहा म्हणजे फक्त समलिंगी, आणि मधे बरीच माणसं. शिवाय एक 'एक्स', ज्यांचे असे संबंध वा प्रतिसादच नाहीत त्यांच्यासाठी. त्याची माणसं निवडायची पद्धत कच्ची होती, कैदी वगैरे जास्त घेतले, आकडे फुगले, ही टीका योग्यच आहे. पण नमुने बघून पेट्या मोडायची हिंमत नमुने गोळा करणाऱ्याकडूनच आली हे मला फार भारी वाटतं. तरी शेवटी त्यानंही केलं काय, तर दोनाच्या सात पेट्या केल्या नि एक फुटकळ. सवय जात नाही.

किन्सीला जसं गांधीलमाश्यांनी शिकवलं तसं आमच्याकडे कोकमानं शिकवायला हरकत नाही. नर्सरीत कोकम आणायला गेलात तर तिथला भाऊ आधी हेच सांगेल, "वहिनी, रोप नेऊ नका, कलम न्या. रोपाचं सात-आठ वर्षांनी कळेल नर का मादी, तोवर तुम्ही शेण-पाणी घालून घालून दमाल." बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, फळ धरत नाहीत, म्हणून मादीची कलमं लावायची आणि परागासाठी मधे थोडी नराची. इथवर सरळ आहे. पण जुन्या बागेत विचाराल तर कुणीतरी दाखवेलच एखादं झाड, फुलं बहुतेक नराची आणि तरी दोन-चार फांद्यांवर फळं लगडलेली. कृषी विद्यापीठवाल्यांनाही ही झाडं माहितीयत. आंब्याचं तर काय, हापूसच्या एकाच तुऱ्यात नर फुलंही असतात आणि संयुक्त फुलंही. लिनियसनं १७३५ मध्ये सगळ्या वनस्पती पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून चोवीस वर्गांत लावल्या, तेव्हाच्या एका विद्वानानं हा काय चावटपणा म्हणून गदारोळही केला, आणि त्या चोवीसांत तेविसावा वर्ग त्याला खास अशा सरमिसळ झाडांसाठी करावा लागला. चोविसावा तर ज्यांचं काही दिसतच नाही त्यांच्यासाठी. म्हणजे संकीर्णशिवाय लिनियसचंसुद्धा भागलं नाही, तर आमच्या वाचनालयाचं काय घेऊन बसलात.

माशांत तर विचारूच नका. रायगडकडच्या खाड्यांतला जिताडा, ज्याच्यासाठी अलिबागची माणसं जावयाला सोडून बाजारात पळतील, तो जन्माला येतो नर म्हणून, आणि पाच-सहा वर्षांचा, चांगला अंगानं भरला की मादी होतो. मोठा जिताडा म्हणून जो मिरवत घरी आणतात ती बहुतेक वेळा ती असते. हेकरूचं उलट, आधी मादी, मग नर. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात यातलं कुणी बघत नाही, तिथे वजन बघतात.

हे सगळं वाचून मलाही आधी जोर चढला होता. 'निसर्गक्रमाविरुद्ध' म्हणणारं ३७७ ज्यांनी लिहिलं त्यांनी कोकमाचं झाड बघितलं असतं तर, वगैरे. पण नंतर तो जोर उतरला. कोकमाकडून दाखला आणून माणसाला वागणूक मिळत असेल तर ती उद्या कोकमच काढूनही घेईल. समजा उद्या सिद्ध झालं की एकही मासा लिंग बदलत नाही, तर काय त्या माणसांचं माणूसपण एक इंच कमी होणार का? कोकम मला एवढंच सांगतं की 'निसर्ग' म्हणून जे पुढे केलं जातं ते बहुतेकदा न बघता केलेलं असतं. याच्यापुढे कोकमाला साक्षीला उभं करू नये.

गावाची स्वतःची पद्धत वेगळी आहे आणि ती कुठल्या पुस्तकात नाही. आमच्याकडे माणूस कुठल्याच खणात बसेना की त्याच्याविषयी एकच सांगतात, "तो मुंबईला असतो." बस. लग्न का नाही केलं, मुंबईला असतो. घरी फारसा येत नाही का, मुंबईला असतो. कोकणातनं पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत, गोदीत, बँकेत माणसं गेली, त्यात पोटासाठी गेलेली किती आणि नजरेआड होण्यासाठी गेलेली किती कोण सांगणार.

माझ्या माहेरी असा एकजण आहे. गणपतीला येताना त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं त्याचा रूमपार्टनर येतो. दोघं आता पन्नाशीकडे आले, दोघांच्या नावावर बोरिवलीला फ्लॅट झाला, तरी रूमपार्टनरच. आमच्या काकूला त्याबद्दल काही विचारायचं नसतं. तिचा हिशेब तांदळाच्या पिठीचा, मुंबईची पाच माणसं म्हणजे पिठी किती, आणि त्या पाचात तो असतो. मोदकाला कळ्या पाडायला आम्हा सगळ्यांपेक्षा त्याचा हात बरा, आरतीला झांजा त्याच्याकडेच, आणि काकू त्याला "जेवलास का रे" म्हणते त्यात कणभर वेगळेपणा नसतो. मला हे फार गोड वाटायचं. मग त्या फ्लॅटची वास्तुशांत निघाली. पूजेला जोडपं लागतं, तर पूजेला बसले धाकटा भाऊ आणि त्याची बायको. फ्लॅट ज्यांचा ती दोघं सोवळ्याच्या बाहेर, दाराशी, येणाऱ्यांना पाण्याचे ग्लास देत होती. कुणीही वाईट वागलं नाही, कुणी काही बोललं नाही, भटजीबुवांनाही काही कल्पना नसणार. ते दोघंही हसतमुख. मी ग्लास घेतला आणि मला काय बोलावं सुचेना.

नाव न ठेवल्यामुळे त्याला पंगतीत जागा मिळाली आणि नाव नसल्यामुळेच पाटावर नाही मिळाली. म्हणून 'लेबलं कशाला हवीत, सगळी माणसंच ना' असं कुणी प्रेमानं म्हटलं की माझं पूर्ण समाधान होत नाही. ज्याला कुठेच नोंद नाही त्याला वारसाला, हॉस्पिटलात सही करायला, बँकेत नॉमिनी म्हणून नातं लिहायला उभं राहिलं की काय होतं ते विचारा. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाचा हक्क संविधानात नाही, ते संसदेनं बघावं असं सांगितलं. म्हणजे गुन्ह्याच्या कपाटातून काढलं, पण ठेवायचं कुठे ते नंतर. ते दोघं अजून टेबलावरच्या गठ्ठ्यात.

तृतीयपंथीयांचं अजून निराळं. २०११ च्या जनगणनेत स्त्री, पुरुष आणि इतर असा पर्याय आला, आणि 'इतर'मध्ये देशभरात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. घरात आलेल्या प्रगणकाला कुटुंबप्रमुखानं सांगितलेला तो आकडा, त्याच्यावर किती विसंबायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आपलं लिंग काय हे ज्याचं त्यानं सांगावं, आणि २०१९ चा कायदा आला त्यात परत जिल्हाधिकाऱ्याचा दाखला. मी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात काम करते, मला दाखल्यांचं कौतुक आहे, पण मी कोण आहे याचा दाखला कलेक्टर कचेरीतून आणायचा म्हटल्यावर रत्नागिरीची एसटी पकडायच्या आधीच माणूस अर्धा होईल.

आणि एकदा नंबर बदलला म्हणजे झालं असंही नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय आयोगानं नवा अभ्यासक्रम काढला, त्यात न्यायवैद्यकात समलिंगी संबंध परत अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत येऊन बसले होते. निकालाला सहा वर्षं होत आली होती तरी. आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत तो मागे घेतला. असं होतं. कुणीतरी जुनी फाइल उघडतं, कॉपी मारतं, आणि कपाट परत जिथल्या तिथे.

आमच्या धंद्यात यावर थोडा उपाय आहे, तो रंगनाथनांचा. तामिळनाडूतले शियाळी रामामृत रंगनाथन, मुळात गणिताचे मास्तर, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ बघितला, त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, हवं ते जोडा, आणि त्यांच्या डोक्यात आलं की विषयाला आधीपासून तयार खण कशाला, त्याचे पैलू सुटे ठेवावेत आणि पुस्तक येईल तसे जोडावेत. १९३३ ची त्यांची कोलन पद्धत त्यातनं आली. रोजच्या वापराला ती किचकट, म्हणून आम्ही सगळे ड्युईवर. पण त्यांचा तो पैलूंचा विचार आता कॅटलॉगमध्ये आला आहे. पुस्तक वस्तू आहे, ते एका वेळी एकाच फळीवर बसणार, त्याला इलाज नाही. नोंदी मात्र कितीही करता येतात. एका आत्मकथनाला मी चरित्र, तृतीयपंथी, मुंबई, नृत्य, कायदा, आई अशा सगळ्या नोंदी टाकल्या, सर्च कुठूनही मारा, सापडेल. 'आई' बघून आमचा कॉम्प्युटरवाला हसला. त्यात सगळ्यात जास्त आईच आहे, मग नोंद कशाची करू?

तर गठ्ठा असा लागला. आत्मकथनं सगळी चरित्रांच्या कपाटात, आडनावाच्या क्रमानं, क्रिकेटपटू नि नाटकवाल्यांच्या मधे. डॉक्टरांची पुस्तकं आरोग्यात. कायद्याचं बाइंडिंग कायद्यात. आजार म्हणणारी दोन जुनी पुस्तकं होती, ती काढून टाका असं एका तरुण सभासदाचं म्हणणं, मी नाही म्हटलं, त्यांना ६१६.८५८३ दिला, सूचनेत तेच लिहिलंय.

राहता राहिले कर्वे. र. धों. मुरुडचे, १८८२ चा जन्म. मुरुडला पर्यटक जातात ते महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून, या मुलाचं नाव कुणाला आठवत नाही. गणिताचे प्राध्यापक, १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गेली, आणि १९२७ ते १९५३ मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक जे प्रश्न घरात विचारू शकत नव्हते ते त्यांना पत्रानं विचारायचे आणि ते छापून उत्तरं द्यायचे. त्याच उत्तरांवरून १९३४ चा अश्लीलतेचा खटला झाला, त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलची उत्तरं होती, आणि कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. आंबेडकरांनी. केस हरले, दोनशे रुपये दंड झाला. आता याला नंबर काय देऊ? संततिनियमन म्हणून ६१३.९४, लैंगिक नीती म्हणून १७६, लैंगिक संबंध म्हणून ३०६.७, खटल्यासाठी कायदा, आणि मराठी निबंध म्हणून ८९१.४६४. सगळे बरोबर.

सभेत विषय ठेवला. निवृत्त मास्तर आहेत आमच्या कार्यकारिणीत, त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हा माणूस मुरुडचाच ना? मग आपल्या तालुक्यातल्या लेखकांत लावा की, एवढा काथ्याकूट कशाला." ही फळी दाराजवळ, पेपरच्या टेबलाला लागून, काचेची, सगळ्यात दर्शनी. तिथे आडनावाच्या क्रमानं आधी महर्षी कर्वे, मग चिरंजीव, त्यांच्या पुढे मूळचे चिखलगावचे म्हणून टिळक, आणि शेवटी पालगडचे साने गुरुजी. एका सभासदांचा चेहरा पडला, "टिळकांच्या शेजारी? अहो मुलींचं संमतिवय वाढवायच्या बिलाला विरोध केलेला त्यांनी." मास्तर म्हणाले, वर्णमालेत क नंतर ट जवळच येतो, मी काय करू. मी ८९१.४६४ टाकून खाली बाकीच्या सगळ्या नोंदी केल्या, पुढची स्क्रीन उघडली. त्या सभासदांची हरकत मिनिटबुकात लिहून घेतलीय, पुढच्या सभेत येईल.